बाहुलीतून दिसणारा मेंदूचा तुकडा

शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कुठेही न कापता थेट पाहायच्या, तर त्यासाठी डोळ्याच्या पडद्यासारखी दुसरी जागा नाही. गर्भात हा पडदा मेंदूपासूनच तयार होतो. वाढत्या मेंदूचा एक फुगवटा पुढे येतो आणि त्याचाच पडदा बनतो. म्हणजे बाहुलीतून आत डोकावणारा डॉक्टर मेंदूचाच पुढे आलेला भाग पाहत असतो! हे पाहण्याचं साधन हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे ठेवलं.

मेंदूच्या एका आजाराबद्दल हा पडदा काय सांगू शकतो, हे पाहायला आता जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावाकडे या. 'त्यांच्या घराण्यातच लकवा आहे,' असं वाक्य खर्ड्यातच काय, आपल्या कुठल्याही गावात ऐकू येतं. आत्याला तरुणपणापासून अर्धशिशी, वडिलांना पन्नाशीच्या आत पक्षाघात, आजोबा म्हातारपण यायच्या आधीच सगळं विसरू लागलेले. बहुतेक घरांत याचं कारण रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू असतं. काही थोड्या घरांत मात्र कारण एका जनुकात असतं. त्या आजाराचं नाव कॅडासिल.

त्याची गुणसूत्रावरची जागा १९९३ मध्ये सापडली आणि १९९६ मध्ये जनुकही कळलं: नॉच-३. हे जनुक जे प्रथिन बनवतं त्यात एकसारखे ३४ तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यात सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं, दोघादोघांनी हात धरून उभी. बिघाड झाला की ती पाच किंवा सात होतात आणि एक जण जोडीदाराविना उरतो. एवढ्याशा विषम संख्येमुळे प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं, भिंत जाड होते आणि मेंदूच्या आतल्या भागाला रक्त कमी पडू लागतं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे हा बिघाड असला, तरी प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी.

चकित करणारी गोष्ट पुढे आहे. जगभरच्या जनुकसंचांच्या माहितीत असे बदल सर्वाधिक आढळले ते दक्षिण आशियाई लोकांत, शंभरात सुमारे एकाकडे. त्यांतल्या अनेकांना आजार फार सौम्य होतो किंवा जाणवतही नाही. मग कोणाकडे लक्ष द्यायचं?

इथे डोळ्याचा पडदा उपयोगी पडू शकतो. ओसीटी अँजिओग्राफी या तपासणीत रंगद्रव्य टोचावं लागत नाही. यंत्र एकाच जागेची प्रतिमा लागोपाठ घेतं. दोन प्रतिमांमध्ये जे हललं ते रक्त, एवढ्या साध्या तर्कावर केशवाहिन्यांचं जाळं उमटतं. कॅडासिलच्या रुग्णांत हे जाळं खोल थरात विरळ झाल्याचं आणि पडद्यातल्या धमन्यांच्या भिंती जाड झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण रक्तदाब आणि मधुमेहही पडद्यावर खुणा सोडतात. म्हणून मला वाटतं, हे चित्र निकाल म्हणून वाचू नये. पुढे कोणाचा एमआरआय करायचा, कोणाची जनुकचाचणी, हे ठरवायला ते मदत करू शकेल.

त्याच्याही आधी लागते घराण्याची हकीकत. खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे, तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. कोणाच्या घरी कोण कधी आजारी पडलं, हे अशा बायकांइतकं कोणाला ठाऊक असणार? कॅडासिल बरा करणारं औषध आज नाही. पण धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब असेल तर यात पक्षाघाताचा झटका लवकर येतो, हे कळलेलं आहे. आणि रक्तदाब मोजायला जनुकाच्या निकालासाठी थांबावं लागत नाही.