शनिवारची सुटी
महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा कामाचे दिवस वर्षाकाठी २८८ वरून २६४ वर आले, तरी रोजची वेळ वाढवल्यामुळे तास मात्र २०८८ वरून २११२ होतात, असा हिशेब सरकारने मांडला. हिशेब चोख, परंतु रोजंदारी न बुडवता शनिवारी दाखला नेऊ पाहणाऱ्या अर्जदाराला तासांची बेरीज नको असते, खिडकीमागे माणूस हवा असतो. कसाऱ्याहून लोकलला लोंबकळत येणाऱ्या कारकुनाची बाजूही लटकी नव्हे. आमच्या परिचयाच्या एका लेखनिकाने पहिल्याच मोकळ्या शनिवारी, दाढीदेखील न करता, याच निर्णयावरची वृत्तपत्रातील टीका घरच्यांना मोठ्या चवीने वाचून दाखवली!