सोलर घेण्याआधी वीजबिल वाचा

घरावर सोलर बसवलं की लाइट गेली तरी पंखे चालू राहणार, अशी अनेकांची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात छतांवर सर्रास दिसणारी यंत्रणा 'ऑन-ग्रिड' असते आणि लाइट गेली की तिचा इन्व्हर्टर भर उन्हातही आपोआप बंद होतो. ही खोट नव्हे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला घरांतून उलट येणाऱ्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून केलेली ती तजवीज आहे. लाइट गेल्यावरही सोलर चालू हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बेताचं बजेट नेमकं तिथेच कोलमडतं. दोन दिवे नि एका पंख्यासाठी घरातली जुनी इन्व्हर्टर-बॅटरी पुरते.

दुसरा घोळ किलोवॅटचा. 2024 साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, 78 हजारांवर छदाम नाही. त्यामुळे 'तीनच घ्या, अनुदान पूर्ण मिळेल' असा आग्रह होतो. पण महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला साधारण 120. महिन्याला 110 युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॅट कशाला? जास्तीची वीज नेट मीटरमधून पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते खरी. मात्र मार्चअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा भाव आपण मोजतो त्याच्या जवळपासही नसतो.

म्हणून आधी वर्षभराची बिलं काढावीत. मे महिन्यातल्या कूलरचे आणि जुलैतले आकडे एकत्र करून सरासरी धरावी. दर टप्प्यांनी चढत जातो, त्यामुळे सोलर आधी सर्वांत महाग युनिट वाचवतो. महिन्याला तीनशेच्या वर युनिट जाळणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात. शंभरच्या आत असलेल्याचे बरेच सावकाश. आणि बिल शून्यावर येईल ही आशा सोडावी, स्थिर आकार भरावाच लागतो.

अनुदान किमतीतून आधीच वजा होतं, हाही गैरसमजच. पूर्ण रक्कम खिशातून किंवा कर्जातून भरायची. यंत्रणा बसून, तपासणी होऊन अनुदान नंतर बँक खात्यात येतं. नोंदणीकृत विक्रेता नसेल किंवा पॅनेलमधले सेल भारतीय बनावटीचे नसतील, तर तेही विसरा.

नागपूरच्या उन्हाळ्यात पॅनेल सर्वाधिक वीज देत असतील, असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, आणि छतावरची काच सहज 65 अंशांवर जाते.

या सगळ्याहून सावली वाईट. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्याच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त घसरतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत गच्चीवर कुठे काय पडतं, ते त्या दिवसांत खडूने आखून ठेवावं. स्टँड उंच करून सावली टाळता येते, पण त्याचा खर्च वेगळा. तो कोटेशनमध्ये आहे का, हे सही करण्याआधीच विचारून घ्यावं.