वकीलपत्रावर किती नावं?

साहेबांची तारखांची डायरी लाल पुठ्ठ्याची होती आणि ती कायम त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. मुन्शींनी विचारलं तर तारीख तोंडी मिळे, डायरी हाती लागत नसे. मी त्यांच्या ऑफिसात ज्युनिअर होते. एका सोमवारी साहेब वरच्या मजल्यावर सेशन्स कोर्टात उलटतपास घेत होते आणि खाली दिवाणी न्यायाधीशांपुढे आमच्याच एका दाव्याचा पुकारा झाला, दोनदा. मी तेव्हा कँटीनमध्ये चहा पीत होते. त्या दाव्याची तारीख आज आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दावा गैरहजेरीत निकाली निघाला. तो पुन्हा बोर्डावर आणायचा म्हणजे तीस दिवसांत अर्ज, प्रतिज्ञापत्र, समोरच्या बाजूचा खर्च आणि पक्षकाराची समजूत. समजूत काढायला मात्र मला पाठवलं.

साहेबांचा कायदा पक्का होता, हातही सढळ होता. तरी ऑफिस दोन टेबलांच्या पुढे कधी गेलं नाही. असं का होतं, याची बार रूममध्ये ठरलेली उत्तरं आहेत. त्यांतली बरीचशी तपासून पाहिली की टिकत नाहीत.

पहिलं उत्तर: ‘आपल्याला जाहिरात करता येत नाही, मग वाढणार कसं?’ बंदी खरी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते, बाकी काही नाही. पण ही बंदी सगळ्यांनाच लागू आहे. शेकडो वकील असलेल्या फर्म याच नियमाखाली वाढल्या. भागीदार वीसच्या वर नेता येत नाहीत हेही अजून ऐकू येतं. ती अट 1956 च्या कंपनी कायद्यातली. मर्यादित दायित्व भागीदारीचा कायदा 2008 मध्ये आला, त्यात भागीदारांना कमाल मर्यादा नाही. आणि 2013 च्या कंपनी कायद्यानं तर वकिलांसारख्या व्यावसायिकांच्या भागीदारीला ती अट लावलेलीच नाही. तेव्हा हे दोन्ही मुद्दे सोडून देऊ.

दुसरा गैरसमज जास्त खोलवर गेलेला आहे: ‘पक्षकार माझ्यासाठी येतो, मी स्वतः उभा राहिलो तरच टिकतो.’ हे अर्धं खरं आहे. खुनाच्या खटल्यात उलटतपास कोण घेणार, हे विचारूनच लोक फी भरतात. पण दिवाणी ऑफिसातलं बहुतेक काम तसं नसतं. कैफियत मुदतीत दाखल करणं, अर्जावर म्हणणं देणं, नकलांचा अर्ज टाकणं, तारखेला काय झालं ते संध्याकाळी पक्षकाराला कळवणं, असल्या कामांवर ऑफिस चालतं. माझ्याकडे आजवर जे पक्षकार दुसऱ्या वकिलांना सोडून आले, त्यांच्यात हरलो म्हणून आलेले थोडे. ‘साहेब फोन उचलत नाहीत आणि ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला काही माहीत नसतं,’ हीच तक्रार फार.

या समजुतीची खरी किंमत कळते ती साहेब नसतात तेव्हा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 मध्ये वकीलपत्र कधी संपतं ते लिहिलंय: न्यायालयाच्या परवानगीनं ते मागे घेतलं तर, पक्षकार वारला तर, प्रकरणाची कार्यवाही पूर्ण झाली तर, किंवा वकील वारला तर. म्हणजे वकीलपत्रावर एकट्या साहेबांचं नाव असेल, तर त्यांच्याबरोबर ऑफिसातली सगळी वकीलपत्रं त्याच दिवशी संपतात. कपाटात तीनशे फाइली असोत की तीन हजार. दहा वर्षं त्याच फाइली वाहणारा ज्युनिअर दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहतो तो कुणाचाच वकील नसतो. साहेबांच्या डोक्यात काय आहे हे त्यांना विचारायची गरज नसते. छापील वकीलपत्राचा नमुना बघायचा, त्यावर किती नावं आहेत ते मोजायचं.

आता नावं का नसतात? कारण तिसरा गैरसमज: ‘ज्युनिअरला सगळं शिकवलं की तो पक्षकार घेऊन पळतो.’ कधीकधी पळतो, खोटं कशाला बोलू? मीही बाहेर पडले तेव्हा दोघे माझ्यामागे आले. पण पक्षकार ही कुणाची मालमत्ता नव्हेच. आधीच्या वकिलाची संमती, आपण जिला एनओसी म्हणतो, ती घेण्याचा नियम आहे. ती मिळाली नाही तर कारणं देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते. फाइल अडकवूनही उपयोग नाही. भोपाळच्या एका वकिलानं 97 हजारांवर फी येणं आहे म्हणून बँकेची कागदपत्रं परत द्यायला नकार दिला होता. 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात स्पष्ट केलं की थकलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराचे कागद ठेवून घेता येत नाहीत. धरून ठेवायची साधनं कायद्यानंच काढून घेतली आहेत. उरतं ते ज्युनिअरला थांबावंसं वाटेल असं काही करणं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅव्हाथनं हेच ओळखलं होतं. कायद्याच्या शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं घ्यायची, एका भागीदाराच्या हाताखालून दुसऱ्याकडे फिरवायची आणि नवे भागीदार त्यांच्यातूनच करायचे. त्या फर्ममध्ये भागीदाराचा वाटा ज्येष्ठतेवर ठरे, पक्षकार कुणी आणला यावर नाही. मला यातली गोम महत्त्वाची वाटते. पक्षकार लपवून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. 2021 मध्ये त्यांनीही ही पद्धत थोडी सैल केली, पण तोवर ती शंभरेक वर्षं चालली होती. उलट उदाहरण ड्यूई अँड लबफचं. हजारावर वकील असलेली ही अमेरिकन फर्म बाहेरून नामांकित भागीदार आणत गेली, त्यांना हमीच्या मोठ्या रकमा कबूल करत गेली आणि मे 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे ज्युनिअरला महिन्याला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं बार कौन्सिलनं ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. सुचवलंच आहे, सक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हा आकडा सांगितला की वरिष्ठ हसतात. ‘आम्हाला कुणी दिले होते?’ हा त्यांचा युक्तिवाद, आणि तोच पुढच्या पिढीकडे जातो.

शेवटचा गैरसमज घराण्याचा. मुलानं काळा कोट घातला की ऑफिसचं पुढचं ठरलं! मुंबईत 1917 साली सुरू झालेल्या अमरचंद मंगलदासचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आईच्या मृत्युपत्रावरून भावांचा वाद उच्च न्यायालयात गेला, मध्यस्थीनं मिटला आणि 2015 मध्ये एकीच्या दोन फर्म झाल्या. दोन्ही आज देशातल्या मोठ्या फर्ममध्ये गणल्या जातात, कारण भाऊ वेगळे झाले तरी काम पेलणारी माणसं दोन्हीकडे होती. दोन टेबलांच्या ऑफिसात असे दोन भाग पडले तर वाटून घ्यायला एक टेबल येतं. साध्या भागीदारीत करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारीच विसर्जित होते. 1932 च्या कायद्याचं कलम 42. इतरांची मृत्युपत्रं करून देणाऱ्या किती वकिलांनी स्वतःच्या ऑफिसचा असा कागद केला असेल?

साहेब आता नाहीत. शेवटच्या वर्षी तारखा मोबाइलवर दिसायला लागल्या होत्या, तरी लाल डायरी खिशातच होती. त्यांच्यानंतर पक्षकार पाच-सहा ऑफिसांत पांगले, काही फाइली घरच्यांनी पोत्यात भरून बार रूमच्या माळ्यावर ठेवल्या. वकील वाचकांना एवढंच सांगणं आहे की उद्या ऑफिसात गेल्यावर वकीलपत्राचा कोरा नमुना काढा, आणि त्यावर तुमच्या एकट्याचं नाव असेल तर पुढच्या छपाईच्या आधी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव आणि सनद क्रमांक विचारून घ्या.