कोंबड्यांची चौकशी

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या ओपीडीत ताप-खोकल्याचे रुग्ण बारमाही असतात. त्यांतला बर्ड फ्लूचा संशयित स्टेथोस्कोपने ओळखता येत नाही. त्यासाठी कानडीत विचारावंच लागतं, ‘मनेली कोळी इदावा?’ घरी कोंबड्या आहेत का, मेलेला पक्षी कुणी उचलला का, गेल्या दहा दिवसांत कुठे जाणं झालं? २०२५च्या फेब्रुवारीअखेर शेजारच्या चिक्कबळ्ळापूर तालुक्यात, वरदहळ्ळीत, कोंबड्यांना हा रोग झाल्याचं निष्पन्न झालं. शिवाय बंगळूरचा विमानतळ इथेच, म्हणून परदेश प्रवासाचीही चौकशी करावी लागते.

संपर्क निघाला की आधी रुग्णाला मास्क, मग स्वतंत्र खोली. आत जाणाऱ्याने एन-९५, गॉगल, गाऊन, हातमोजे चढवायचे. नाकातून खोलवरचा आणि घशाचा स्वॅब घ्यायचा. डोळे लाल असतील तर डोळ्यांचाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासनलिकेतला स्राव हवाच. विषाणू फुप्फुसात खोल असतो, घशाचा नमुना निगेटिव्ह येऊ शकतो. नमुन्याची नळी तीन आवरणांत, २ ते ८ अंशांत ठेवून पाठवायची आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला लगेच फोन करायचा.

ओसेल्टामिवीर हे विषाणूविरोधी औषध मात्र अहवालासाठी थांबवायचं नाही. प्रौढाला ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस, मुलांना वजनाप्रमाणे. पहिल्या ४८ तासांत दिलं तर उत्तम, पण उशिरा आलेल्यालाही द्यायचंच. २००३पासून जगभरात नोंदलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. संशय खोटा ठरला तर फार तर चार गोळ्या जास्त गेल्या.

अहवालही नीट वाचावा लागतो. ‘इन्फ्लुएन्झा ए’ पॉझिटिव्ह, पण माणसांतल्या नेहमीच्या फ्लूचा एच१ नाही आणि एच३ही नाही, असं आलं तर तो साधा फ्लू समजून फाइल बंद करायची नाही. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेला पाहिजे.

चौकशीही कधी तोकडी पडते. २०१९मध्ये मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या कोरकू मुलात एच९एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा विषाणू सापडला. माणसातली ही भारतातली पहिली नोंद. ताप, खोकला, धाप अशी लक्षणं. कोंबड्यांशी संपर्क आल्याचं कुठे आढळलं नव्हतं. बालकांच्या श्वसनविकारांच्या पाहणीत त्याचा स्वॅब घेतला गेला, म्हणून कळलं. मूल बरं झालं. तेव्हा न्यूमोनिया गंभीर असेल आणि कारण हाती लागत नसेल, तर घरी एकही कोंबडी नसलेल्याचाही स्वॅब पाठवायचा.