स्नेह आणि शुक्त : गृहस्थाच्या कोठींतील तेल व सिरका यांच्या सांठवणीविषयीं

पोथीच्या अखेरीस लेखकाची जी परंपरागत विनवणी येते ती आमच्या वाचकांस परिचितच आहे. तींत पोथी जणूं स्वमुखानें आपल्या शत्रूंचीं नांवें घेते : तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात. यांत तेलाचा क्रम पहिला कां, याचा विचार आम्हीं पुष्कळ वर्षें केला नव्हता. पुढें कोंकणांतील एका घरीं दप्तर पाहण्याचा योग आला, तेव्हां तो आपोआप झाला. दप्तर स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेविलेलें होतें व त्यास लागूनच तेलाचा एक जुना कातडी बुधला पडला होता. त्याचें चामडें केव्हां तरी तडकलें आणि तळाशीं राहिलेलें तेल रुमालांत मुरलें. वरचीं पन्नास-साठ पानें काचेसारखीं पारदर्शक होऊन परस्परांस चिकटलीं होतीं. पाठपोटचीं अक्षरें एकांत एक मिसळून गेलीं होतीं. घरच्या वृद्ध बाई खिन्नपणें म्हणाल्या, "मास्तर, बुधला रिकामा समजून वर टाकला हो, तळाशीं तेल आहे हें कोणास ठाऊक!" त्या दिवसापासून तेल व त्याचा सोबती जो सिरका, हे पदार्थ पूर्वीं कसे ठेवीत व कसे ठेवावे, याविषयीं ग्रंथांत व घरांत जें आढळलें तें टिपून ठेवीत गेलों. त्याचा सारांश येथें देत आहों.

प्रथम कौटिल्याची साक्ष घेऊं. शामशास्त्री यांनीं 1909 सालीं म्हैसूर येथें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील राजनीतीचीच चर्चा फार झाली. कोठाराध्यक्षाच्या अध्यायाकडे गृहस्थदृष्टीनें फारसें कोणीं पाहिलें नाहीं. तेथें सांगितलें आहे कीं, धान्य उंचावर ठेवावें, मीठ जमिनीवर ठेवावें आणि स्नेह, म्हणजे तेल-तूप, मातीच्या किंवा लांकडाच्या पात्रांत ठेवावे. धातूच्या पात्राचें नांव नाहीं. प्राचीनांस आधुनिक रसायन अवगत होतें असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. परंतु तांबें व लोखंड यांचा अत्यल्प अंश तेलांत उतरला तरी तें हवेंतील प्राणवायूशीं लवकर संयोग पावून खवट होतें, हें आज निर्विवाद ठरलें आहे. अनुभवानें सांपडलेला नियम कारण न कळतांही खरा असूं शकतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

त्याच अध्यायांत कोणत्या बीजापासून किती तेल निघावें याचें मान दिलें आहे : अळशीचा षष्ठांश, निंबादिकांचा पंचमांश, तीळ व करडई यांचा चतुर्थांश. यावरून कोठारांत बीं येत असे व तेथेंच त्याचा हिशेब होत असे हें उघड आहे. आमच्याकडेही तीळ व करडई घरांत भरून ठेवावयाची आणि लागेल तसें तेल तेल्याच्या घाण्यावरून काढून आणावयाचें, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं होती. ती सयुक्तिकच आहे. बियांच्या टरफलाइतकें उत्तम झांकण कोणत्याही कुंभारास करितां आलेलें नाहीं.

येथें संशोधकांस एक सूचना करावीशी वाटते. जुन्या जमाखर्चांत 'गोडें तेल' हे शब्द दिसतांच भुईमुगाचें तेल समजूं नये. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. आपल्याकडे त्याचा प्रसार बराच मागाहून झाला. तत्पूर्वींच्या कागदांत तीळ व करडई यांचाच विचार आधीं केला पाहिजे. 'तैल' हा शब्द तर 'तिल' यापासूनच सिद्ध झाला आहे.

आतां तेल किती काळ टिकतें हा प्रश्न. शार्ङ्गधरसंहितेच्या प्रथम खंडांत औषधांच्या वीर्याची मुदत सांगितली आहे. चूर्ण दोन महिन्यांनीं व गोळ्या एका वर्षानें हीनवीर्य होतात. आणि घृत-तैलादिकांविषयीं 'चतुर्मासाधिक' असें पद आहे. वैद्यकीचे कांहीं विद्यार्थी आमच्याकडे संस्कृत शिकावयास येत, त्यांस आम्ही याचा अर्थ 'चार महिन्यांनंतर' असा निःशंकपणें सांगत असूं. दुसरा एक पक्ष असा कीं, मागील अर्धांतील 'वत्सर' शब्दाची येथें अनुवृत्ति घ्यावी. म्हणजे एक वर्ष व वर चार महिने, असे सोळा महिने होतात. 'अधिक' म्हटलें कीं 'कशाहून' ही आकांक्षा उत्पन्न होतेच, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें. आज हा दुसरा पक्षच आम्हांस व्याकरणदृष्ट्या सबळ वाटतो, आणि ज्या विद्यार्थ्यांस पहिला अर्थ ठामपणें सांगितला त्यांचे आम्ही ऋणी राहिलों आहों.

शार्ङ्गधर औषधी तेलांविषयीं बोलतो, स्वयंपाकाच्या नव्हे, हें खरें. तथापि कुतूहलानें आम्हीं घाण्याचें तिळाचें तेल दोन बाटल्यांत भरलें. एक गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून, अंधाऱ्या फडताळांत ठेविली. दुसरी अर्धीच भरून खिडकींत ठेविली. खिडकींतल्या तेलास चौथ्या महिन्यांत खवट वास आला. फडताळांतलें सव्वा वर्षानंतर उघडलें तों गोड होतें. यानें ग्रंथाचा अर्थ ठरत नाहीं, तो पदावरूनच ठरविला पाहिजे. परंतु मुदत तेलाइतकीच पात्रावर व जागेवर अवलंबून असते, एवढें निश्चित झालें.

म्हणून गृहिणीनें पाळावयाचे नियम थोडकेच आहेत. हवा, उजेड, उष्णता व पाणी हे तेलाचे चार वैरी. मोठ्या बरणींतून रोजच्यापुरतें तेल लहान भांड्यांत काढावें व मोठी बरणी वारंवार उघडूं नये. चुलीशेजारचा कोनाडा सोयीचा खरा, पण तेलास तोच सर्वांत वाईट. जुन्या तेलाच्या तळांत नवें तेल ओतूं नये. खवटपणा विरजणासारखा पसरतो. भांडें धुतल्यावर पूर्ण वाळूं द्यावें. करडईचें व अळशीचें तेल लवकर बिघडतें, तिळाचें त्यांतील स्वाभाविक रक्षक द्रव्यांमुळें अधिक टिकतें, आणि खोबरेल त्याहूनही स्थिर. खोबरेल थंडींत थिजलें म्हणजे बिघडलें असें समजूं नये. सुमारें 24 अंशांखालीं थिजणें हा त्याचा स्वभावच आहे.

सिरक्याची गोष्ट उलट आहे. तेल जेथें काळानें बिघडतें, तेथें सिरका काळानेंच घडतो. कौटिल्यानें शुक्तवर्गांत उसाचा रस, गूळ, मध, काकवी, जांभूळ व फणस यांपासून होणारीं आंबवणें सांगून त्यांची एक महिना, सहा महिने व एक वर्ष अशी मुदत दिली आहे. मनुस्मृतींत मात्र आंबलेले पदार्थ सामान्यतः वर्ज्य सांगून दहीं व शुभ फुलें, मुळें, फळें यांपासून केलेलीं आंबवणें यांस अपवाद केला आहे. आपल्या पुष्कळ घरांत आंबटपणाचें काम चिंच, आमसूल व लिंबू यांकडेच राहिलें. 'सिरका' हा शब्द फारशींतून आला. गोव्यांत माडाच्या सुरेपासून होणाऱ्या सिरक्यास पोर्तुगीजांपासून आलेलें 'विनागर' हें नांव आहे. मुंबईच्या पारशी घरांत नवसारीकडील उसाचा सिरका प्रसिद्ध आहे.

सिरका कांचेच्या किंवा उत्तम भाजलेल्या चिनी मातीच्या बरणींत ठेवावा. शिशाची झिलई दिलेलें कच्चें भांडें वापरूं नये, कारण आम्लानें शिसें विरघळतें व तें विष आहे. वर धरणारी चिकट साय गाळून टाकावी. ती बिघाडाची खूण नव्हे. तांब्या-पितळेचें भांडें तर सर्वथा वर्ज्य. सिरक्याच्या संसर्गानें तांब्यावर जो हिरवा थर चढतो तोच जंगाल. आणि हाच जंगाल चित्रकार हिरव्या रंगासाठीं मुद्दाम तयार करीत. सचित्र पोथ्यांत हिरव्या रंगाच्या जागींच कागद करपून गळालेला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्या कारणाचें मूळ आतां ओळखीचें वाटेल. स्वयंपाकघरांत जी चूक, तीच चित्रशाळेंत कृति.

असो. संग्राहकांस दोनच विनंत्या. ज्या घरीं दप्तर पाहावयास जाल, तेथें प्रथम माळा कोठें आहे व शेजारीं काय ठेविलें आहे हें पाहा. आणि तेल लागून चिकटलेलीं पानें हातानें ओढून सोडवूं नका, जतनाचें काम जाणणाऱ्याच्या स्वाधीन करा. वर सांगितलेल्या पन्नास-साठ पानांपैकीं कांहीं आम्हीं स्वतःच उतावीळपणें ओढलीं. त्यांवर काय लिहिलें होतें हें आतां कोणासही कळणार नाहीं. पोथीनें सांगितलेला चौथा शत्रु त्या दिवशीं कोण झाला, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.