एकाच संगणकात दोन बिऱ्हाडे



जुन्या वाड्यात एका छपराखाली दोन बिऱ्हाडे सुखाने नांदत असत. चूल वेगळी, कुलूप वेगळे, पण भिंती आणि पाणी एकच. संगणकातही असा संसार मांडता येतो. लिनक्स चालणाऱ्या यंत्राच्या पोटात दुसरा, निव्वळ सॉफ्टवेअरने घडवलेला संगणक चालवतात; त्याला आभासी यंत्र म्हणतात. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. आज ती घरच्या टेबलावर आली आहे.

पाहुण्याची सोय करणारी सॉफ्टवेअर दोन प्रकारची आहेत. एक टेबलावरचे, म्हणजे डेस्कटॉपचे, दुसरे सर्व्हरचे. दोन्ही बहुधा विनामूल्य मिळतात, म्हणून माणूस हाताला लागेल ते घेतो. तिथेच चूक होते. ती आमच्याकडूनही झाली.

आमच्या मंडळाचा वर्गणीचा हिशेब एका जुन्या प्रोग्राममध्ये होता आणि तो फक्त जुन्या विंडोजवर चालत असे. जुने यंत्र मोडकळीस आले, तेव्हा आम्ही लिनक्सच्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्स घालून ते विंडोज पाहुणे म्हणून ठेवले. सहा महिने सारे छान चालले. गणेश चतुर्थीला आठवडा उरला असताना रात्री वीज गेली. सकाळी लिनक्स आपोआप सुरू झाले, पण पाहुणा झोपलेलाच! ज्याच्या नावाने तो चालत असे ते गृहस्थ परगावी, आणि परवलीचा शब्द त्यांच्याच डोक्यात. दोन दिवस पावत्या हाताने फाडाव्या लागल्या.

दोष व्हर्च्युअलबॉक्सचा नव्हता. ते मुळात समोर बसून काम करणाऱ्या माणसासाठी आहे. पाहुण्याची खिडकी पडद्यावर दिसते, इकडचा मजकूर तिकडे चिकटवता येतो, एखादे फोल्डर दोघांत वाटून घेता येते, पेन ड्राइव्ह आत देता येतो. शिकणाऱ्या मुलांना, किंवा एखादा प्रोग्राम तासभर वापरून बंद करणाऱ्याला याहून सोपे काही नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनही याच जातीचे; नोव्हेंबर २०२४ पासून ते सर्वांना विनामूल्य झाले आहे. मात्र अशा खिडकीत चालणारा पाहुणा त्या माणसाच्या सत्राशी बांधलेला असतो. खिडकीवाचून, आपोआप सुरू होण्याची व्यवस्था व्हर्च्युअलबॉक्समध्येही करता येते. पण ती मुद्दाम करावी लागते, आणि आम्ही केली नव्हती.

सर्व्हरची रीत वेगळी. तिथे पाहुणा कुणाच्या खिडकीत नसतो, यंत्राच्या सेवेत असतो. लिनक्समध्ये यासाठी केव्हीएम आहे. २००७ साली ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाले. त्याच्या जोडीला लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर घेतले, की ‘यजमान उठताच पाहुण्याला उठव’ अशी खूण एकदा करून ठेवता येते. पडदा, कळफलक काही नको. यंत्र कपाटात ठेवा आणि दुसऱ्या संगणकावरून कारभार पाहा. बरेच पाहुणे असतील तर डेबियनवर आधारलेले प्रॉक्समॉक्स पाहावे; त्याचा सारा कारभार ब्राउझरमधून चालतो. उणीव एक : विंडोज पाहुण्यात खेळ किंवा त्रिमितीय चित्रे केव्हीएमवर सहजी नीट चालत नाहीत.

फुकटाचा भरवसा किती, हेही पाहावे. व्हीएमवेअर सर्व्हर २००६ साली मोफत झाले आणि २०११ मध्ये त्याचा आधार संपला. त्याच कंपनीच्या ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली, एप्रिल २०२५ मध्ये परत आली. मालकाची मर्जी! व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त आहे, पण त्याचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ धंद्यासाठी वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. दुकानदारांनी हे विसरू नये.

मग निवड कशी करावी? स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी खुर्चीवरून उठून गेलो तरी हा पाहुणा जागा राहायला हवा का? नको असेल तर टेबलावरचे सॉफ्टवेअर घ्या. हवा असेल तर सर्व्हरचे. दोन्ही एकाच यंत्रावर एकाच वेळी चालवू नयेत, कारण प्रोसेसरच्या त्याच सोयीवरून त्यांचे भांडण होते.

आम्ही शेवटी केव्हीएमकडे वळलो. पाहुण्याची डिस्क क्यूईएमयूच्या साधनाने नव्या रूपात बदलता येते. पण विंडोजमध्ये आधी व्हर्टआयओचे ड्रायव्हर घालावेत, नाहीतर डिस्क साटा पद्धतीनेच जोडावी. तसे न केल्यास विंडोज उठतच नाही. यंत्र बदलले असे वाटून विंडोज परवाना पुन्हा विचारू शकते, तेव्हा त्याचा क्रमांक हाताशी ठेवावा. यजमान यंत्राच्या बायोसमध्ये ‘वीज परत येताच सुरू हो’ हेही लावावे. ते नसेल तर बाकीची खटपट व्यर्थ. जुन्या विंडोजला इंटरनेट मात्र देऊ नये.

आणखी एक. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट बहुधा त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. आपल्या बेटावर वादळाचे दिवस काही नवे नाहीत. पाहुणा बंद करून त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी.

आता आमचे यंत्र कपाटात आहे. परवलीचा शब्द लखोट्यात घालून खजिनदारांकडे दिला आहे. परवा पुन्हा वीज गेली, आली, आणि कुणी काही न करता हिशेब उघडला.