गोलरक्षकाचा उजवा हस्तरक्षक : निवड व जुळणी

क्रीडासाहित्याची निवड आपल्याकडे बहुधा किमतीच्या अंगाने होते, हाताच्या अंगाने क्वचितच. या विभागातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी क्रीडाशिक्षक होईल. हॉकीच्या गोलरक्षकासाठी हस्तरक्षकांचा एकच जोड घेण्याइतके पैसे त्याच्या हाती असतील. तो जोड चुकला, तर त्याची किंमत मुलाच्या बोटांना मोजावी लागेल. यास्तव प्रस्तुत विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अवश्य आहे.

बर्फावरील हॉकीत गोलरक्षक सामान्यतः डाव्या हातातील मोज्याने रबरी चकती झेलतो आणि काठी धरलेल्या उजव्या हाताच्या पाठीवरील सपाट फळीने ती परतवितो. या फळीच्या मोज्यास ‘ब्लॉकर’ म्हणतात. त्याची कमाल लांबी ३८·१ सेंटीमीटर व रुंदी २०·३ सेंटीमीटर असते. मैदानी हॉकीत हस्तरक्षकाची मर्यादा ३५·५ व २२·८ सेंटीमीटर आहे. चकती व चेंडू यांची वजनेही जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम असतात. खेळ भिन्न असले तरी काठीच्या हातापुढील प्रश्न एकच आहे : आघात सोसावयाचा आणि पकडही सुटू द्यावयाची नाही.

आघाताचे गणित सोपे आहे. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदास ३० मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा ७२ जूल होते. वर्तुळाच्या कडेपासून गोलापर्यंतचे १४·६३ मीटर अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. फोमच्या थराने त्याला दीड सेंटीमीटरात थांबविले, तर सरासरी बल ४,८०० न्यूटन पडेल. तीन सेंटीमीटरात थांबविले, तर २,४०० न्यूटन. म्हणजे थर नुसता जाड असून भागत नाही. तो दबलाही पाहिजे. दगडासारखा कठीण झालेला जुना फोम दिसण्यात शाबूत, पण कामाला निरुपयोगी होय. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचे मोजेही येथे पर्याय ठरत नाहीत. ते झेलण्यासाठी घडविलेले असतात. काठी धरलेल्या बोटांपुढे फोमची भिंत उभी करणे हे त्यांचे काम नव्हे.

जुळणीची परीक्षा नेहमी हातात काठी घेऊनच करावी. बोटांची टोके पुढच्या थराला टेकून दाबली जात असतील, तर मोजा लहान आहे. कारण आघात सरळ नखांवर उतरेल. काठी फिरविताना हात आतल्या आत सरकत असेल, तर तो मोठा आहे. चेंडू पकडीच्या अक्षापासून दूर, कडेवर आदळला की मोजा मनगटाभोवती फिरू पाहतो; त्या वेळी पट्टाच त्याला आवरतो. अंगठ्याची बाजू उघडी राहू नये. मनगट सर्व दिशांना वाकावे, पण मोजा व कोपररक्षक यांच्यामध्ये फट पडू नये. शेवटी वजन पाहावे : तेच वजन मनगटापासून दुप्पट अंतरावर गेले, तर हात फिरविण्यास होणारा विरोध चौपट होतो. म्हणून टोकाकडे जड असलेला मोजा हात मंद करतो.

एकच जोड अनेक मुलांत वापरावयाचा असेल, तर कोणाच्या हाताचे माप घ्यावे? सर्वांत मोठ्या हाताचे घ्यावे, परंतु आतील पट्टे कमीजास्त करता येतील असाच मोजा निवडावा. लहान हाताच्या मुलास आत पातळ सुती मोजा घालावयास द्यावा. सैलपणा असा भरून काढता येतो. तोकडेपणा भरून काढण्यास उपाय नाही.

शेजारच्या यवतमाळचा आकाश चिकटे भारतीय संघाचा गोलरक्षक झाला व २०१६ च्या आशियाई चँपियन्स करंडक विजेत्या संघात होता. विदर्भातील मुलाला ही वाट बंद नाही. मात्र पहिल्याच मोसमात बोट मोडून ज्याच्या मनात चेंडूचे भय बसले, तो त्या वाटेवर फार दूर जाणार नाही. ते भय बसू न देणे हे शिक्षकाचे काम असून त्याचा आरंभ मोजा निवडण्यापासूनच होतो.